लिलावातील जुनी इलेक्ट्रॉनिक मापन उपकरणे : ओळख, पुनरुज्जीवन आणि विश्वासार्हता

सारांश

संशोधन संस्था, कारखाने व महाविद्यालये यांच्याकडील कालबाह्य इलेक्ट्रॉनिक चाचणी व मापन उपकरणे लिलावात विकली जातात. त्यांपैकी बरीचशी वजनावर विकली जाऊन तांब्या-पितळेसाठी तोडली जातात. काही मात्र योग्य ओळख व शास्त्रशुद्ध दुरुस्ती झाल्यास अध्यापनासाठी पुन्हा उपयोगी पडू शकतात. अशा उपकरणांची ओळख कशी पटवावी, त्यांना वीज देण्यापूर्वी कोणती दक्षता घ्यावी, दुरुस्तीचा क्रम काय असावा आणि दुरुस्त झालेल्या उपकरणाच्या वाचनावर कितपत विसंबावे, या चार प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. टेक्ट्रॉनिक्स, ह्यूलेट-पॅकार्ड आणि ॲव्हो या तीन उत्पादकांची उपकरणे उदाहरणादाखल घेतली आहेत.

बीजशब्द : ऑसिलोस्कोप, अनुक्रमांक, धारित्र, अंशशोधन, निर्लेखन, ई-कचरा.

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत इलेक्ट्रॉनिक मापनाचे तंत्र झपाट्याने विकसित झाले. ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी १९३९ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथे स्थापन झाली. तिचे पहिले उत्पादन २०० ए हा श्राव्य वारंवारतेचा दोलक होय. याच मालिकेतील २०० बी प्रतिमानाचे आठ दोलक वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेने १९४० च्या ‘फँटेशिया’ या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी घेतले होते. टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९४६ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे सुरू झाली व पुढील वर्षी तिचा ५११ हा ऑसिलोस्कोप बाजारात आला. इंग्लंडमध्ये डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ॲव्होमीटर साकारला. त्याचे आठवे प्रतिमान १९५१ पासून २००८ पर्यंत तयार होत होते.

भारतातही ही उपकरणे मोठ्या संख्येने आली. पुढे हैदराबादची ईसीआयएल, ठाण्याची ॲपलॅब, नाशिकची मोटवाने अशा संस्थांनी देशी उपकरणे पुरवली आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा त्यांनी भरून गेल्या. आज ही सर्व पिढी निर्लेखनाच्या यादीत आहे. जडसंग्रह नोंदवहीत ‘सीआरओ, एक नग, नादुरुस्त’ एवढीच नोंद उरलेली असते आणि तेवढ्या आधारावर त्या उपकरणाचे भवितव्य ठरते. ही नोंद पुरेशी नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

१. उपकरणाची ओळख

ओळख पटवण्याचे पहिले साधन म्हणजे दर्शनी पट्टीवरील प्रतिमान क्रमांक. परंतु केवळ प्रतिमान क्रमांक पुरत नाही. एकच प्रतिमान दहा-पंधरा वर्षे तयार होत असे आणि त्या काळात त्याच्या अंतर्गत जोडणीत अनेक बदल होत. म्हणून अनुक्रमांक पाहणे आवश्यक ठरते. टेक्ट्रॉनिक्सच्या सेवापुस्तिकेतील घटकांच्या यादीत ‘अमुक अनुक्रमांकापर्यंत हा घटक, त्यापुढे तो’ अशा नोंदी असतात. अनुक्रमांक न पाहता पुस्तिका वापरल्यास अस्तित्वातच नसलेल्या रोधकाचा शोध घेत बसण्याची वेळ येते. याच अनुक्रमांकावरून उत्पादनाचे ठिकाणही कळते. बी या अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीव्हर्टनचा, १ ने सुरू होणारा सहा अंकी क्रमांक ग्वेर्नसी बेटावरील कारखान्याचा, २ चा ब्रिटनचा, ३ चा जपानमधील सोनी-टेक्ट्रॉनिक्सचा आणि ७ चा हॉलंडचा असतो.

ह्यूलेट-पॅकार्डच्या नंतरच्या काळातील अनुक्रमांकात आधी चार अंक, मग एक अक्षर आणि शेवटी पाच अंक असतात. पहिल्या दोन अंकांत १९६० मिळवले असता वर्ष मिळते व पुढील दोन अंक आठवडा दर्शवतात. उदाहरणार्थ, २२१६ए अशी सुरुवात असल्यास १९८२ चा सोळावा आठवडा समजावा. ए म्हणजे अमेरिका, यू म्हणजे ब्रिटन, जी म्हणजे जर्मनी आणि जे म्हणजे जपान. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ही तारीख त्या विशिष्ट नगाच्या निर्मितीची नसून रचनेत झालेल्या शेवटच्या महत्त्वाच्या बदलाची असते. प्रत्यक्ष नग त्यानंतर कित्येक महिन्यांनी तयार झालेला असू शकतो.

पट्टी निघालेली असेल, तर आतील घटकांवरील तारखांचा आधार घेता येतो. अमेरिकी विभवमापी व मोठ्या धारित्रांवर उत्पादकाचा तीन अंकी संकेत व त्यापुढे वर्ष-आठवडा छापलेला असतो. १३७७४१२ या आकड्यातील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत असून ७४१२ म्हणजे १९७४ चा बारावा आठवडा होय. संकलित मंडलांवरही असा चार अंकी संकेत असतो. मात्र सत्तरच्या दशकात तर्कमंडलांच्या एका मालिकेचे क्रमांकही ७४ नेच सुरू होत असल्याने ७४१८ हा आकडा तारखेचा की प्रकाराचा, असा संभ्रम निर्माण होतो. अनेक घटकांवरील आकडे एकत्र वाचल्यास तो दूर होतो. सर्वांत अलीकडची तारीख उपकरणाच्या निर्मितीच्या जवळची मानावी. एखाद-दुसराच घटक फार नंतरचा आढळल्यास तेथे पूर्वी दुरुस्ती झाली असावी, असे अनुमान निघते.

या उत्पादकांनी घटकांना स्वतःचे क्रमांक दिले होते. टेक्ट्रॉनिक्सच्या यादीत १५१ ने सुरू होणारा क्रमांक ट्रान्झिस्टरचा असतो. ह्यूलेट-पॅकार्डच्या यादीत १८५४ व १८५३ हे अनुक्रमे एनपीएन व पीएनपी ट्रान्झिस्टरांचे, तर १८२० हा तर्कमंडलांचा संकेत आहे. ‘हा भाग आता मिळत नाही’ असे ज्याविषयी म्हटले जाते, तो पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकाखाली दडलेला अगदी सामान्य घटक असतो.

ओळखीचा आणखी एक पैलू म्हणजे उपकरणाची पूर्णता. टेक्ट्रॉनिक्सच्या ५४५ ए या ऑसिलोस्कोपचे उभ्या दिशेचे प्रवर्धक सुट्या जोडभागात असते. के प्रकारचा जोडभाग बसवल्यास ३० मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत पाहता येतात. सीए प्रकारचा बसवल्यास दोन संकेत एकाच वेळी दिसतात, पण मर्यादा २४ मेगाहर्ट्झवर येते. लिलावात मुख्य उपकरण एका ढिगात व जोडभाग दुसऱ्या ढिगात जाण्याचे प्रसंग घडतात. तसे झाले की दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून अशा उपकरणाच्या बाबतीत ‘काय आहे’ याइतकेच ‘काय नाही’ हेही नोंदवणे अगत्याचे आहे.

२. लिलावाच्या ठिकाणी करावयाची पाहणी

लिलावात वस्तू ‘जशी आहे, जेथे आहे’ या अटीवर विकली जाते व वीज देऊन पाहण्याची मुभा बहुधा नसते. तरीही डोळे, नाक आणि हात यांच्या साहाय्याने बरेच काही कळते. ऑसिलोस्कोपची चित्रनलिका शाबूत आहे का व तिच्या पडद्यावर जळाल्याचा डाग आहे का, हे प्रथम पाहावे, कारण ही नलिका मिळणे सर्वांत कठीण असते. फिरते कळबटन अडकत असल्यास आतील स्विच तुटलेला असण्याचा संभव असतो. रोहित्रातून जळका वास येत असल्यास ते उपकरण केवळ सुट्या भागांसाठीच घ्यावे. बहुस्तरीय स्विच, चित्रनलिका, रोहित्र व विशेष यांत्रिक भाग हे चार घटक ठीक असतील तर उर्वरित दोष साधारणतः दुरुस्त होऊ शकतात. रोधक, धारित्रे, डायोड हे घटक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही मिळतात. वजनाचाही विचार करावा. ५४५ ए सुमारे ३० किलोग्रॅमचा आहे आणि त्याची वाहतूक आडवी आपटत केली तर लिलावापर्यंत टिकलेली चित्रनलिका घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही.

३. वीज देण्यापूर्वीची दक्षता

लिलावातून आणलेले उपकरण उत्सुकतेपोटी लगेच विजेला जोडणे ही सर्वांत महागात पडणारी घाई होय. पहिला प्रश्न वीजदाबाचा आहे. अमेरिकी उपकरणाच्या रोहित्राची जोडणी ११५ व्होल्टला असू शकते. भारतातील २३० व्होल्टचा पुरवठा त्याला मिळाल्यास रोहित्र व वितळतार यांपैकी काय आधी जळेल, हे सांगता येत नाही. मागील पट्टीवरील लिखाणावर विसंबून न राहता आतील जोडणी पुस्तिकेशी ताडून पाहावी. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेले रोहित्र ५० हर्ट्झवर संपृक्त होऊन तापते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. ५४५ ए मध्ये चित्रनलिकेस एकूण १० किलोव्होल्टचा प्रवेगदाब मिळतो, पण प्राणघातकतेच्या दृष्टीने त्याहून अधिक भय ३५० व ५०० व्होल्टच्या पुरवठ्यांचे असते, कारण त्यांमागील धारित्रांत साठलेली ऊर्जा व उपलब्ध विद्युतधारा अधिक असते. वीज बंद केल्यावरही धारित्रे भारित राहतात. ती पेचकसाने लघुमंडलित न करता योग्य रोधकातून रिकामी करावीत व व्होल्टमीटरने खात्री करून घ्यावी. चालू उपकरणात मापन करताना एक हात दूर ठेवावा आणि एकट्याने काम करू नये. भूसंपर्काची तार कापून ऑसिलोस्कोप ‘तरंगता’ ठेवण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य आहे. त्यामुळे संपूर्ण धातूचा सांगाडा जिवंत होऊ शकतो.

तिसरा प्रश्न घातक द्रव्यांचा. जुन्या सेलेनियम एकदिशकारकांतून जळताना विषारी वाफा निघतात. काही जुन्या तेलयुक्त धारित्रांत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे घातक द्रव्य असते, तर काही उच्च-वारंवारता घटकांत बेरिलियम ऑक्साइड असते. त्याची धूळ श्वासावाटे जाणे अत्यंत धोकादायक असल्याने असे घटक फोडू वा घासू नयेत.

४. टप्प्याटप्प्याने वीजपुरवठा

विद्युत्-अपघटनी धारित्र अनेक वर्षे पडून राहिल्यास त्यातील ऑक्साइडचा पातळ थर क्षीण होतो. अचानक पूर्ण दाब मिळाल्यास गळतीची धारा वाढून ते तापते व फुटूही शकते. यावर डिमरस्टॅटने दाब हळूहळू वाढवत नेण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो काही ठिकाणीच लागू पडतो. निर्वात नलिकांचे एकदिशकारक असलेल्या उपकरणात कमी दाबावर नलिका तापतच नाहीत, त्यामुळे धारित्रापर्यंत दाब पोहोचत नाही. ५४५ ए मध्ये तर सुमारे २५ सेकंदांनंतर एकदिश दाब जोडणारा विलंब-रिले आहे, जो कमी दाबावर कार्यच करत नाही. अशा वेळी धारित्राचे एक टोक मोकळे करून बाहेरील एकदिश पुरवठ्याने, मोठ्या रोधकातून, गळती कमी होईपर्यंत दाब वाढवणे हीच योग्य पद्धत होय. उलट, स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असलेल्या सत्तरच्या दशकातील उपकरणांना डिमरस्टॅटवर कमी दाब देणे हानिकारक असते, कारण ते तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक विद्युतधारा ओढतात. डिमरस्टॅट हे स्वयंरोहित्र असल्याने ते मुख्य पुरवठ्यापासून विलगीकरण देत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

पहिल्यांदा वीज देताना तंतुदिवा उपकरणाच्या एकसरीत जोडण्याची जुनी युक्ती साध्या उपकरणांसाठी आजही उत्तम आहे. आत लघुमंडल असल्यास दिवा पूर्ण प्रकाशतो व हानी टळते. क्षणभर प्रकाशून मंद झाल्यास पुढे जाण्यास हरकत नसते. मुख्य पुरवठ्यास समांतर जोडलेली इपॉक्सी आवरणाची कागदी धारित्रे मात्र तपासत न बसता आधीच बदलावीत. त्यांच्या आवरणास तडे जाऊन ओलावा शिरतो आणि काही मिनिटांत धूर निघतो. त्यांच्या जागी सुरक्षा-वर्गाचेच धारित्र वापरावे.

५. दोषशोधन व दुरुस्ती

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, वीजपुरवठा निर्दोष झाल्याखेरीज अन्य कोणत्याही भागास हात लावू नये. ५४५ ए मध्ये -१५०, +१००, +२२५, +३५० व +५०० व्होल्टचे नियंत्रित पुरवठे आहेत. उर्वरित सर्वांचा संदर्भ -१५० व्होल्ट हा असल्याने तो चुकला की सर्व चुकतात. पडद्यावरील रेषा हलते म्हणून प्रवर्धकातील नलिका बदलत जाणारा तंत्रज्ञ पुष्कळदा निष्कारण श्रम करतो. मूळ दोष संदर्भदाब देणाऱ्या नलिकेत वा एखाद्या वाढलेल्या रोधकात असतो. कार्बन-मिश्रणाच्या रोधकांचे मूल्य कालांतराने वाढते, टँटलम धारित्रे बहुधा लघुमंडलित होतात आणि जुन्या कागदी धारित्रांतून गळती होते. या प्रवृत्ती माहीत असल्यास शोधाची दिशा निश्चित होते.

पुस्तिकेतील दाबांशी तुलना करताना मापकाचा परिणाम ध्यानात घ्यावा लागतो. त्या काळातील आकडे पुष्कळदा २०,००० ओहम प्रति व्होल्ट संवेदनक्षमतेच्या मापकाने घेतलेले असतात. ॲव्होमीटरचे आठवे प्रतिमान याच संवेदनक्षमतेचे आहे. समजा, २०० व्होल्टच्या पुरवठ्यास प्रत्येकी १ मेगओहमचे दोन रोधक एकसरीत जोडले आहेत. मध्यबिंदूवरील खरा दाब १०० व्होल्ट आहे. ॲव्होमीटरच्या १०० व्होल्टच्या पल्ल्यावर मापकाचा रोध २ मेगओहम होतो व तो ८० व्होल्ट दाखवतो. १० मेगओहमचा आजचा अंकीय मापक त्याच बिंदूवर सुमारे ९५ व्होल्ट दाखवतो. पुस्तिकेत ८० लिहिले आहे व मापक ९५ दाखवतो, म्हणजे दोष आहे, असे समजणाऱ्याने एक निर्दोष मंडल बिघडवण्यास प्रारंभ केलेला असतो. म्हणून जुन्या उपकरणाच्या दुरुस्तीसाठी जुना मापकही सुस्थितीत ठेवणे उपयुक्त ठरते.

डाखकामातही उपकरणाचा इतिहास जाणून घ्यावा लागतो. टेक्ट्रॉनिक्सच्या ५०० मालिकेत घटक सिरॅमिकच्या पट्ट्यांवरील खाचांत बसवलेले असतात. या खाचांत चांदीचा पातळ थर असून साधा कथिल-शिशाचा डाख तो थर विरघळवतो आणि खाच कायमची निकामी होते. त्यामुळे सुमारे ३ टक्के चांदी असलेला डाख वापरावा लागतो. दुरुस्ती करणाऱ्यास अडचण येऊ नये म्हणून कंपनी या डाखाचे छोटे रीळ उपकरणाच्या आतच ठेवत असे. अनेक उपकरणांत ते आजही आढळते.

६. मूळ रूप आणि उपयुक्तता

दुरुस्तीत मूळ घटक किती राखावेत, हा प्रश्न तत्त्वाचा आहे. उपकरण संग्रहालयात ठेवायचे असल्यास ते चालू करण्याचा आग्रह धरू नये. प्रयोगशाळेत वापरायचे असल्यास सुरक्षिततेस प्राधान्य द्यावे. सेलेनियमच्या जागी सिलिकॉन डायोड बसवणे सर्वमान्य आहे, परंतु सिलिकॉनमधील दाबपतन कमी असल्याने पुढील दाब वाढतो व तो रोखण्यासाठी एकसरीत रोधक घालावा लागतो. ह्यूलेट-पॅकार्डच्या दोलकातील छोटा तंतुदिवा हा बदलाच्या मर्यादेचा उत्तम दृष्टांत आहे. तो प्रकाशासाठी नसतो. आयाम वाढला की तंतू तापतो, त्याचा रोध वाढतो आणि आयाम पुन्हा स्थिर होतो. तेथे वेगळ्या शक्तीचा दिवा बसवल्यास दोलक चालेल, पण तरंगाची शुद्धता नाहीशी होईल. प्रत्येक बदलाची नोंद दिनांकासह ठेवावी व काढलेले घटक पिशवीत जपून ठेवावेत.

७. अंशशोधन व विश्वासार्हता

बंद उपकरण कोणाची फसवणूक करत नाही. चुकीचे मोजणारे चालू उपकरण मात्र करते. म्हणून पडद्यावर रेषा उमटणे हा पुनरुज्जीवनाचा शेवट नव्हे. उपकरण किमान अर्धा तास चालू ठेवून, ते स्थिर झाल्यावर, त्याची तुलना विश्वसनीय संदर्भाशी करावी. संदर्भ उपकरणाची त्रुटी तपासावयाच्या उपकरणाच्या त्रुटीच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावी, हा प्रचलित संकेत आहे. ३ टक्के अचूकतेचा ऑसिलोस्कोप तपासण्यासाठी पाऊण टक्क्याचा संदर्भ पुरतो व तो महाविद्यालयांना सहज उपलब्ध असतो. वारंवारतेसाठी उपग्रह-नियंत्रित दोलक वापरता येतो.

३० मेगाहर्ट्झ मर्यादेच्या ऑसिलोस्कोपचा उत्थानकाल ०.३५ भागिले ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे १२ नॅनोसेकंद असतो. तपासणीसाठी वापरलेल्या स्पंदाचाही उत्थानकाल १२ नॅनोसेकंद असेल, तर पडद्यावर सुमारे १७ नॅनोसेकंद दिसतील आणि निर्दोष उपकरण मंद ठरेल. अशा चाचणीसाठी स्पंद उपकरणाहून पुष्कळ जलद हवा. औपचारिक प्रमाणपत्र हवे असल्यास एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेकडे जावे. तिची मापने राष्ट्रीय मानकांशी जोडलेली असतात. ते शक्य नसल्यास उपकरणावर ‘केवळ प्रात्यक्षिकासाठी’ अशी पट्टी लावणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

८. निर्लेखन आणि शैक्षणिक संस्था

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये प्रयोगशाळेतील उपकरणांचाही समावेश आहे. ई-कचरा नोंदणीकृत व्यवस्थेकडेच सोपवला जावा, हा या नियमांचा रोख असून तो पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु त्यामुळे एक जबाबदारी संस्थेवर येते. उपकरण एकदा कचरा ठरले की त्याचा मार्ग ठरून जातो. म्हणून ते कचरा आहे की नाही, हा निर्णय निर्लेखनापूर्वीच माहितगार व्यक्तीने घेतला पाहिजे. निर्लेखन समितीने प्रत्येक उपकरणाचे प्रतिमान, अनुक्रमांक, जोडभाग, पुस्तिका व चित्रनलिकेची स्थिती या पाच बाबी नोंदवल्या, तरी निर्णयाची गुणवत्ता पुष्कळ सुधारेल. पुस्तिका उपकरणासोबतच ठेवावी. ती ग्रंथालयाच्या रद्दीत गेल्यावर उपकरणाचे मूल्य निम्म्याहून अधिक नष्ट झालेले असते.

जुन्या साधनांतून नवे कार्य उभे राहते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथील वापरातून निघालेल्या ३२ लहान तबकड्या भारताला मिळाल्या. प्रा. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे त्यांपासून सूर्याच्या निरीक्षणासाठी रेडिओ दुर्बीण उभारली. एका देशाच्या दृष्टीने काम संपलेली साधने दुसऱ्या देशातील रेडिओ खगोलशास्त्राचा पाया ठरली, कारण ती काय आहेत व त्यांपासून काय होऊ शकते, हे जाणणारी माणसे येथे होती.

समारोप

जुन्या मापन उपकरणाचे पुनरुज्जीवन हे चार टप्प्यांचे कार्य आहे : अचूक ओळख, सुरक्षित तयारी, क्रमबद्ध दुरुस्ती आणि प्रामाणिक अंशशोधन. यांपैकी एकही टप्पा गाळल्यास उपकरण, काम करणारी व्यक्ती अथवा मापनाचे सत्य यांपैकी कशाची तरी हानी होते. सर्वच उपकरणे वाचवणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु उघड्या मंडलात प्रवर्धन, नियंत्रण आणि स्थिरीकरण प्रत्यक्ष दाखवणारे एक उपकरण जरी विभागात चालू राहिले, तरी बंद चिपवरील आजच्या यंत्रणा समजून घेण्यास विद्यार्थ्याला त्याचा आधार होतो. त्या दृष्टीने निर्लेखनाच्या यादीवर स्वाक्षरी होण्यापूर्वी उपकरणाचे झाकण एकदा उघडून पाहिले जावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.